वाचकांचे प्रश्न : जुन्या सिटी व्हीटेकसाठी हेडर कोणता?

प्रश्न : माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. इंजिन मूळचेच आहे आणि टर्बो बसवण्याचा विचार नाही. गाडी मुख्यतः पुणे-कोल्हापूर महामार्गावर चालते; अधूनमधून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेतो. हेडरसाठी (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) एक कारागीर ४२ मिलिमीटर व्यासाच्या चार नळ्या एकाच जागी मिळणारा ‘फोर-वन’ सुचवतो आणि नळी जितकी मोठी तितकी ताकद जास्त, असे सांगतो. दुसरा ‘फोर-टू-वन’, म्हणजे नळ्या आधी दोन-दोन आणि मग एकत्र मिळणारा, घ्या म्हणतो. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्याचे ऐकावे, मात्र नळीचा व्यास आणि लांबी त्याच्याकडूनही आधी लिहून घ्यावी.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत जाते आणि नळ्या जिथे एकत्र येतात तिथे तिचा काही भाग उलटून, ओढ निर्माण करत, माघारी येतो. इनटेक (ताजे मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे असतात. ही ओढ नेमकी त्या वेळी पोहोचली, तर उरलेला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत होते. टर्बो नसलेल्या इंजिनात हेडरचा मुख्य फायदा हाच आहे. आपल्या सिंगल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा एकच दांडा असलेल्या) इंजिनात व्हीटेक ही होंडाची यंत्रणा केवळ इनटेक व्हॉल्व्हची उघडझाप बदलते, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याचा हा जोडकाळ वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) वाढतो आणि हेडरचा फरकही तिथेच अधिक जाणवतो.

लाट केव्हा परतेल हे नळीच्या लांबीवर ठरते, तर वायूचा वेग व्यासावर. आपले इंजिन १४९३ सीसीचे, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३७३ सीसी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या ४५ अंश आधी उघडतो असे धरून ६५०० आरपीएमसाठी प्रचलित सूत्राने हिशेब मांडला, तर नळीची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर, आतला व्यास ३८ मिलिमीटर आणि पुढच्या मुख्य नळीचा व्यास ५१ मिलिमीटरच्या आसपास येतो. ही सुरुवातीची मापे आहेत, अंतिम नव्हेत. पण ४२ मिलिमीटरची नळी या इंजिनाला मोठी आहे, हे त्यांवरून दिसते. तिच्यात वायूचा वेग मंदावतो आणि महामार्गावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना जो टॉर्क (चाके फिरवणारा जोर) हवा, तोच कमी होतो. ‘इंजिनाला बॅक प्रेशर (वायू बाहेर जाताना होणारा अडथळा) लागतेच’ हा समजही खरा नाही. लागतो तो वेग.

‘फोर-टू-वन’मध्ये १ व ४ आणि २ व ३ या सिलिंडरच्या नळ्या जोडीने मिळतात. इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ असल्याने प्रत्येक जोडीतील दोन स्फोटांमध्ये क्रँकचा एक पूर्ण फेरा जातो आणि लाटा एकमेकींच्या आड येत नाहीत. परिणामी मधल्या आरपीएमला टॉर्क चांगला मिळतो, जो महामार्गाला उपयोगी आहे आणि २.१ किलोमीटरच्या, वळणावळणांच्या करीलाही. ‘फोर-वन’ला सलग वरच्या आरपीएमवर पळणारे इंजिन आणि त्याला साजेसा कॅम हवा.

आता जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते कागदावरच्या मापांपेक्षा इथेच अधिक हेडर बिघडतात. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहे आणि नळ्या तिथून सम्पखालून (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखालून) मागे जातात. म्हणून पंख्यापासूनचे अंतर मोजावे आणि सर्वांत खालची नळी सम्पच्याही खाली उतरत नाही ना, हे गाडी जमिनीवर उभी असताना पाहावे. आपल्याकडचे स्पीडब्रेकर नळीची लांबी विचारत नाहीत. इंजिन हलते त्या ठिकाणी लवचीक जोड अवश्य घ्यावा, अन्यथा कलेक्टरच्या (नळ्या एकत्र मिळतात त्या तुकड्याच्या) वेल्डला तडे जातात. ऑक्सिजन सेन्सर चारही नळ्या एकत्र आल्यानंतर आणि नळीच्या वरच्या अर्ध्या भागात बसवावा, म्हणजे साचलेले पाणी त्याला लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरलेल्या तक्त्याप्रमाणेच इंधन देते. म्हणून हेडर बसल्यावर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) हवा-इंधनाचे प्रमाण तपासून घ्यावे. इतर काही न बदलता केवळ हेडरने वीस अश्वशक्ती वाढतील असे कोणी सांगितले, तर त्याच्याकडून आधीचा आणि नंतरचा, एकाच यंत्रावरचा आलेख मागावा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) काढू नये. आवाजाचे वा प्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हेडर म्हणजे वाहनातला बदलच असल्याने तो करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी.

प्रश्न : हेडरवर हीट रॅप (उष्णता रोखणारी पट्टी) गुंडाळावे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साध्या पोलादाच्या हेडरवर मुळीच नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत रॅपखाली ओल अडकते आणि नळी आतल्या आत गंजत जाते. सिरॅमिक कोटिंग महाग असले तरी तेच करावे, किंवा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा हेडर घ्यावा. स्टेनलेस तापल्यावर अधिक फुगते, म्हणून फ्लँज (हेडर इंजिनाला जोडणारी पट्टी) जाड असावी आणि टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात होणारे वेल्डिंग) करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडला जातो की नाही, हे कारागिराला विचारावे. बसवल्यानंतर काही दिवसांनी, इंजिन पूर्ण थंड असताना, फ्लँजचे नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळून घ्यावेत.