जुन्या ट्रॅक्टरच्या स्टार्टरचा वरचा बोल्ट पाना पोचत नाही अशा जागी आहे, कसा काढू? (मुरबाड, जि. ठाणे)

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाना स्टार्टरच्या जाड वायरीला लागून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. मुरबाडकडे चिखलणीत फिरलेल्या ट्रॅक्टरचे बोल्ट गंजून धरतात, म्हणून गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. मग सहा कोनी सॉकेट, युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) आणि 10 इंची एक्स्टेन्शन (सॉकेटला जोडायची लांब दांडी) मोकळ्या बाजूने आत घाला. बारा कोनी सॉकेट नकोच, गंजलेलं डोकं गोल होतं. जॉइंट फार वाकला तर जोर बोल्टपर्यंत पोचत नाही. तिथे चंद्रकोरीसारखा वाकलेला रिंग पाना चालतो. परत बसवताना सॉकेटमध्ये घट्ट ग्रीस भरा, बोल्ट खाली पडत नाही. पहिले तीन-चार आटे मात्र हातानेच.