'मेहबूबा मेहबूबा'ची चाल ज्याच्या गाण्यात आधी ऐकू आली, तो डेमिस रुसोस कोण?

तुम्ही विचारलंय की 'शोले'मधल्या 'मेहबूबा मेहबूबा'ची चाल ज्या ग्रीक गायकाच्या गाण्यावरून घेतली तो कोण होता, आणि त्या एका गाण्यापलीकडे त्याची काही कारकीर्द होती का. त्याचं नाव डेमिस रुसोस. कारकीर्द म्हणाल तर सत्तरच्या दशकात अर्ध्या युरोपात घराघरात त्याच्या तबकड्या होत्या. माझा तो फार आवडता गायक आहे, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी चालीचं बघू. डेमिसचं 'से यू लव्ह मी' १९७४ सालचं आणि 'शोले' लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकलीत तर शंका उरत नाही. पण चाल मुळात डेमिसचीही नव्हे. सायप्रस बेटावर 'ता रिआलिया' नावाचं लोकगीत आहे, आणि मिखालिस व्हिओलारिस हा सायप्रसचा गायक ते त्याच्याही आधी गात होता. म्हणजे सायप्रसहून निघालेली ही चाल डेमिसच्या गळ्यातून मुंबईला पोचली. पंचमदांनी, म्हणजे 'शोले'चे संगीतकार आर. डी. बर्मन यांनी उचलली, एवढं म्हणून लोक विषय संपवतात. मला ते पुरत नाही. अर्धवट भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून काढलेला तो सुरुवातीचा नाद पंचमदांचाच, आणि तो खरखरीत, धाप लागल्यासारखा आवाजही त्यांचाच. डेमिस ही चाल गातो तेव्हा ती विनवणी असते. पंचमदांकडे आल्यावर तिच्यात धग येते. माझ्या मामाकडे डेमिसची कॅसेट होती. ते गाणं त्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चालीपेक्षा आवाजाचंच जास्त आश्चर्य वाटलं होतं. पुरुषाचा आवाज इतक्या वर जाऊन इतका भरीव कसा राहतो, हे तेव्हा काही कळेना.

त्याचं उत्तर पुढे सापडलं ते त्याच्या लहानपणात. डेमिस ग्रीक, पण जन्मला आणि वाढला इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात. जन्म १५ जून १९४६, पूर्ण नाव आर्तेमिओस व्हेंतुरिस रुसोस. वडील इंजिनिअर आणि शिवाय गिटार वाजवणारे, आई गाणारी. त्या काळी अलेक्झांड्रियात ग्रीकांची मोठी वस्ती होती. त्यांच्या कापसाच्या पेढ्या होत्या, शाळा, दवाखाने, वर्तमानपत्रं, चर्च, सगळं स्वतःचं. कवी कावाफी याच शहरातला. रस्त्यावर अरबी, घरात ग्रीक, दुकानात फ्रेंच किंवा इटालियन, असं ते शहर होतं. पोरगा डेमिस ग्रीक चर्चच्या बायझंटाइन गायनवृंदात गायचा.

माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथेच आहे. बायझंटाइन चर्चगायनात वाद्यं नसतात. काही गायक खाली एकच सूर धरून बसतात आणि त्यावर मुख्य गायक हरकती घेत चढत जातो. आपल्याकडे तानपुरा जे काम करतो ते तिथे माणसांचे गळे करतात. स्वरांतल्या बारीक जागा, सूर लावून तो हलवत ठेवणं, श्वास न तोडता ओळ लांबवणं, ही तालीम वाढत्या वयात झालेली. त्यात आजूबाजूला अरबी गाणं होतंच. पुढे तो इंग्रजीत 'आय लव्ह यू' गायला, फ्रेंचमध्ये गायला, जर्मनमध्ये गायला, तरी ओळीच्या शेवटी जो कंप येतो तो पॅरिसच्या स्टुडिओत शिकवलेला नाही. 'फॉरएव्हर अँड एव्हर'मध्ये तो वरच्या सुरावर थांबतो ती जागा ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

१९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, युद्ध झालं, आणि पुढच्या काही वर्षांत इजिप्तमधल्या परदेशी वस्त्या रिकाम्या होत गेल्या. रुसोस कुटुंबाचंही होतं नव्हतं ते गेलं आणि ते ग्रीसला आले. आपल्याच देशात, पण निर्वासितासारखे. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: दालिदा कैरोची, क्लोद फ्रांस्वा इस्माइलियाचा, जॉर्ज मुस्ताकी अलेक्झांड्रियाचा आणि डेमिसही अलेक्झांड्रियाचा. फ्रेंच लोकप्रिय संगीताच्या सुवर्णकाळातली ही चार मोठी नावं, आणि चौघेही इजिप्तमध्ये जन्मलेले. एक अख्खं जग विस्कटलं आणि त्यातला सूर पॅरिसला जाऊन पोचला, असं मला नेहमी वाटतं.

अथेन्समध्ये डेमिस घराला हातभार म्हणून क्लबांतून आणि हॉटेलांतून वाजवू लागला, ट्रम्पेट आणि बास गिटार. सतराव्या वर्षी तो 'आयडल्स' नावाच्या बँडमध्ये शिरला. तिथे त्याला वँगेलिस भेटला. तोच वँगेलिस, ज्याला पुढे 'चॅरिअट्स ऑफ फायर'च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं. ड्रमवर लुकास सिदेरास. एप्रिल १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्करानं सत्ता बळकावली, आणि ही पोरं देश सोडून निघाली. जायचं होतं लंडनला. इंग्लंडनं कागदपत्रांवरून आत घेतलं नाही, म्हणून पॅरिसला अडकली, आणि तेही १९६८ च्या त्या मे महिन्यात. विद्यार्थी रस्त्यावर, कामगार संपावर, सगळं शहर ठप्प. अशा वेळी त्यांनी 'अ‍ॅफ्रोडाइटीज चाइल्ड' या नावानं 'रेन अँड टिअर्स' केलं. पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराच्या 'कॅनन'वर बेतलेली चाल आणि त्यावर डेमिसचा तो रडवेला, उंच आवाज. फ्रान्सभर आणि फ्रान्सबाहेरही ते गाणं गाजलं. ज्या शहरात मुक्काम करायचाच नव्हता त्या शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं.

या बँडचं शेवटचं काम म्हणजे '६६६' हा दुहेरी अल्बम. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकावर आधारलेला. कंपनी तो बाहेर काढायला तयार होईना, विशेषतः अभिनेत्री इरीन पापास हिच्या एका गाण्यामुळे; अखेर १९७२ मध्ये निघाला तोवर बँड मोडला होता. त्यातलं 'द फोर हॉर्समेन' डेमिसनं गायलंय. ज्यांना डेमिस म्हणजे गुळगुळीत प्रेमगीतं वाटतात त्यांनी हे ऐकावंच. वरच्या पट्टीत, जवळजवळ एकटा, आणि मग ड्रम कोसळतात. रॉकचे अभ्यासक आजही या अल्बमबद्दल आदरानं बोलतात. पण श्रेय देताना वँगेलिसचं नाव घेतात आणि थांबतात, याचं मला वाईट वाटतं.

१९७१ मध्ये 'वी शॅल डान्स'नं त्याची एकट्याची वाटचाल सुरू झाली. १९७३ चा 'फॉरएव्हर अँड एव्हर' हा अल्बम म्हणजे शिखर. त्यातलं शीर्षकगीत, 'माय फ्रेंड द विंड', 'व्हेल्वेट मॉर्निंग्ज', सगळं एका दमात ऐकण्यासारखं. नीट ऐकलंत तर मागे बुझुकी या ग्रीक तंतुवाद्याची चाहूल लागते. त्याच साली 'गुडबाय माय लव्ह गुडबाय' जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचा संगीतकार लिओ लेआंद्रोस, म्हणजे विकी लेआंद्रोसचे वडील. ही विकीही ग्रीसमधल्या कोर्फू बेटावर जन्मलेली, हॅम्बुर्गमध्ये वाढलेली, आणि १९७२ ची युरोव्हिजन ही युरोपीय देशांची गाण्याची स्पर्धा लक्झेंबर्गकडून जिंकलेली! देशाबाहेर वाढलेल्या ग्रीकांनी त्या दशकात युरोपला गाणं पुरवलं, हे मी उगीच म्हणत नाही.

इंग्लंडनं ज्याला आठ वर्षांपूर्वी दारातून परतवलं होतं, त्याच डेमिसची 'द रुसोस फिनॉमिनन' ही चार गाण्यांची तबकडी जुलै १९७६ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिली आली. एका गाण्याऐवजी चार गाण्यांची, म्हणजे ज्याला ईपी म्हणतात ती, त्या यादीत अव्वल येण्याची ही पहिलीच वेळ. बीबीसीनं याच नावाचा माहितीपटही केला होता.

पण याच सुमारास त्याचं चित्र ठरून गेलं: पायघोळ काफ्तान, दाढी, लांब केस, प्रचंड देह. विनोदवीरांना आयता विषय मिळाला. १९७७ मध्ये माइक ली यांच्या 'अ‍ॅबिगेल्स पार्टी' या नाटकाच्या टीव्ही रूपात यजमानीण पाहुण्यांना हट्टानं डेमिसची तबकडी ऐकवते. प्रेक्षकांनी तिच्या अभिरुचीला हसावं म्हणून. तेव्हापासून इंग्रजी समीक्षकांच्या लेखी डेमिस म्हणजे मध्यमवर्गाची बाळबोध आवड. मला हे साफ अमान्य आहे. लाखो लोक घरकाम करताना, प्रवासात, लग्नात जे गाणं लावतात ते हलकं कसं ठरतं? आणि ज्या गळ्यात चर्चचं गायन, अरबी वळणं आणि रॉक एकत्र नांदतात तो गळा बाळबोध कसा? कपड्यांकडे बघणाऱ्यांनी ऐकलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

देहाबद्दल तो स्वतः मोकळेपणानं बोलला. १९८० मध्ये त्याचं वजन १४७ किलो होतं. दहा महिन्यांत त्यानं ५० किलो उतरवलं आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. मधल्या काळात वँगेलिसची साथ सुटली नव्हती. 'ब्लेड रनर' या १९८२ च्या चित्रपटाच्या संगीतात 'टेल्स ऑफ द फ्यूचर' आहे, त्यातला तो अरबी वाटणारा, शब्द न कळणारा आलाप डेमिसचा. माझ्या लेखी त्याच्या गळ्यातून अलेक्झांड्रिया सर्वांत स्वच्छ ऐकू येते ती इथे.

मग जून १९८५. अथेन्सहून रोमला निघालेल्या विमानाचं १४ तारखेला अपहरण झालं आणि ते बैरूटला नेण्यात आलं. डेमिस आणि त्याची पत्नी त्यात होते. त्याचा ३९ वा वाढदिवस ओलिसांत गेला. त्याच विमानात अमेरिकन नौदलाच्या एका तरुण पाणबुड्याला ठार मारण्यात आलं. डेमिस आणि इतर काही ग्रीक प्रवासी थोड्या दिवसांत सुटले, बाकीचे ओलीस दोन आठवड्यांहून जास्त अडकले. सुटल्यावर पत्रकारांसमोर तो अपहरणकर्त्यांबद्दल सौम्यपणे बोलला, त्यांनी वाढदिवसाला केक दिल्याचंही त्यानं सांगितलं, आणि त्यावर टीका झाली. मला त्याला बोल लावावासा वाटत नाही. बाकीचे लोक अजून त्यांच्या ताब्यात असताना सुटलेल्या माणसानं काय बोलावं, हे आपण खुर्चीत बसून कसं ठरवणार?

त्यानंतरही तो थांबला नाही. फ्रान्समध्ये १९८७ सालचं 'काँ जे तेम' चाललं. १९८९ मध्ये त्यानं 'ओन एक्री स्युर ले म्युर' गायलं, आणि हेच गाणं २०१५ मध्ये 'किड्स युनायटेड' या लहान मुलांच्या गटानं पुन्हा गायलं तेव्हा फ्रान्समधल्या पोराटोरांच्या तोंडी बसलं. बऱ्याच जणांना ते मूळचं डेमिसचं हे माहीतही नाही. ते बघायला तो नव्हता; २५ जानेवारी २०१५ ला अथेन्समध्ये त्याचं निधन झालं. तिथल्याच पहिल्या स्मशानभूमीत, ग्रीसच्या नामवंतांशेजारी, त्याला पुरलं.

ऐकायला सुरुवात कुठून करायची, असं पुढे विचाराल म्हणून सांगून ठेवतो. 'शोले'मुळे आला असाल तर 'से यू लव्ह मी'नं करा, पण तिथे थांबू नका. नंतर 'रेन अँड टिअर्स', मग 'द फोर हॉर्समेन', मग 'फॉरएव्हर अँड एव्हर'. 'गुडबाय माय लव्ह गुडबाय' आणि 'हॅपी टू बी ऑन अ‍ॅन आयलंड इन द सन' ही पार्टीतली गाणी, ती आपोआप कानावर पडतील. शक्य असेल तर २००९ चा 'डेमिस' हा शेवटचा अल्बम ऐका. त्यात तो पुन्हा रॉक आणि ब्लूजकडे वळलाय. आवाज खाली आलाय, जाड झालाय, पण ओळीच्या टोकाचा तो कंप अजून तसाच आहे.