साथीचे गणित आणि चाळीतली दहा बिऱ्हाडे

प्रश्न : मी सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. साथीची समीकरणे शिकवताना प्रत्येक माणूस इतर सर्वांना सारख्याच शक्यतेने भेटतो असे गृहीत धरले जाते. नेटवर्क प्रतिमाने त्याहून वेगळी कशी, आणि गणिताचा सराव सुटलेल्या विद्यार्थिनीने ती कोठून शिकावीत?
— एक वाचक, परळ

उत्तर : आपण म्हणता त्या समीकरणांचे मुंबईशी जुने नाते आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ च्या निबंधात आपले सूत्र मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांशी ताडून पाहिले आणि वक्ररेषा सुरेख जुळली; वास्तविक तो रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता आणि सूत्रात उंदरांना वेगळी जागाच नव्हती. आकडे जुळले म्हणजे प्रसाराचा मार्ग कळला असे होत नाही, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

नेटवर्क प्रतिमानात सर्वजण सर्वांना भेटतात असे न मानता कोण कोणाच्या संपर्कात येते ते रेघांच्या जाळ्याने दाखवतात. ते समजण्यासाठी संगणकाआधी कागद घ्यावा. चौकाभोवती दहा बिऱ्हाडे काढा आणि प्रत्येकाला फक्त दोन शेजाऱ्यांशी रेघेने जोडा. दुसऱ्या कागदावर पोळीभाजीचे डबे देणाऱ्या काकूंचे घर उरलेल्या नऊ घरांशी जोडून त्या नवांपैकी कोणत्याही दोन घरांत एक रेघ ओढा. दोन्हीकडे रेघा दहाच, म्हणजे दर घरी संपर्क सरासरी दोनच. पण पहिल्या चौकात सर्वांत दूरचे घर पाच पावलांवर आहे, तर दुसऱ्यात कोणतेही घर फार तर दोन पावलांवर.

आता बाधित घराच्या प्रत्येक रेघेसाठी एकदाच फासा टाका आणि एक किंवा दोन पडल्यास रेघेवरून संसर्ग गेला असे माना. काकूंपासून सुरुवात झाली तर पहिल्याच फेरीत सरासरी तीन घरे बाधित होतात, चौकात पूर्ण एकही नाही. उलट काकूंच्या जाळ्यात सुरुवात एकाच रेघेच्या घरातून झाली, तर तीनपैकी दोन वेळा साथ तेथेच विझते. म्हणूनच एकदा चालवलेल्या प्रतिमानावर विसंबू नये, शेकडो फेऱ्या कराव्यात. काकूंना लस दिली की जाळ्यात एकच रेघ उरते. चौकातले एक घर वगळले तर मात्र नऊ घरांची साखळी शाबूत राहते.

खरी अडचण रेघ कशाला म्हणायचे ही आहे, आणि ते रोग ठरवतो. क्षयासाठी रोज लोकलच्या एकाच डब्यात बसणाऱ्या प्रवाशांचा गट मोलाचा, पण डेंग्यूसाठी माणसामाणसांतली रेघ निरुपयोगी, कारण मध्ये डास आहे. लेप्टोस्पायरोसिसला तर तुंबलेले पाणीच जोडते.

गणितात आपल्याला संभाव्यता आणि सरासरीभोवतीचे आकड्यांचे विखुरणे एवढे उजळावे लागेल. पुढे पायथॉन या संगणकभाषेतील नेटवर्कएक्स किंवा आर भाषेतील एपिमॉडेल, या जाळ्यांसाठीच्या तयार साधनांपैकी एकच निवडावे, आणि पहिल्यांदा ही दहा बिऱ्हाडेच त्यात घालून फाशाने आलेली उत्तरे मिळतात का ते पाहावे. ती जुळेपर्यंत हजार नोडांच्या (म्हणजे रेघांनी जोडलेल्या हजार बिंदूंच्या) जाळ्याकडे वळू नये.