यादी नको पाठवूस, एक गाणं पाठव

अगं पोरी,

तुझा मेसेज परवाच वाचला होता पण उत्तर लिहायला आज दुपारी सवड मिळाली, काका झोपलेत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. तुझी तक्रार काय, तर मी सगळ्यांना एवढ्या भारी सिरीज सुचवते, समुद्राची गाणी सुचवते, सगळे "हो हो बघतो" म्हणतात आणि नंतर ढुंकून बघत नाहीत. आणि खाली ती यादी. बाई गं. राग मानू नकोस, पण ती यादी बघून मलाच दमायला झालं, आणि मला तर ह्या गाण्यांचं वेड आहे. ब्लॅक सेल्स, आउटलँडर, व्हायकिंग्ज, वन पीस, मास्टर अँड कमांडर, सगळं एकाखाली एक, प्रत्येकापुढं 'मस्ट वॉच' आणि आगीचे इमोजी. ह्यातलं आज रात्री जेवणं झाल्यावर मी काय लावू, ते त्यात कुठंच नाही.

गावभागातलं आमचं दुकान तुला आठवत नसेल. आधी कॅसेटी, मग सीड्या, मग मोबाईलची कव्हरं, मग शटर खाली. तिथं रोज कोणीतरी यायचं आणि म्हणायचं काकू काहीतरी चांगलं द्या की. चांगलं म्हंजे काय ते कोणी सांगायचं नाही, ते आपण बोलता बोलता काढून घ्यायचं. हळदीची पोती मुंबईला नेणारा एक ड्रायव्हर यायचा, त्याचं म्हणणं रात्री घाटात झोप येऊ नये असं द्या. बाकीचे दुकानदार त्याला ढिंच्याक काहीतरी काढून द्यायचे, मी कोळीगीतं दिली. का तर त्यात एकजण ओळ टाकतो आणि बाकीचे उचलतात, आणि केबिनमध्ये आपण एकटेच असलो तर उचलायचं काम आपसूक आपल्याकडं येतं, तोंड चालू राहतं, डोळा लागत नाही. पुढच्या फेरीला तो तसलीच दुसरी मागायला आला. आता 'मी डोलकर'चे शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची, आवाज लताबाईंचा आणि हेमंतकुमारांचा, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. गाडी चालवताना लाव आणि मागची ओळ तू म्हण, एवढंच सांगितलं. नावं नंतर, आवडल्यावर. तू नेमकं उलटं करतेस, आधी संगीतकाराचा सगळा इतिहास आणि गाण्याची लिंक सगळ्यात शेवटी.

समुद्राच्या गाण्याबद्दल तर मी म्हणेन एकच गोष्ट सांगायची सवय लाव, की हे गाणं म्हणताना लोकांचे हात काय करत होते. बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल. ते इंग्रजी शँटी म्हणतात ना, ती एकोणिसाव्या शतकातल्या शिडाच्या व्यापारी जहाजांवरची कामाची गाणी. मालक माणसं कमी ठेवायचे, शिडं तर प्रचंड, मग सगळ्यांचा जोर एका क्षणी पडला नाही तर दोर जागचा हलायचा नाही. म्हणून एक गाणारा असायचा, तो ओळ म्हणायचा, त्या वेळात बाकीचे श्वास घ्यायचे, आणि धृपदात ठरलेल्या शब्दावर सगळे मिळून हिसका द्यायचे. शिड वर चढवायचं गाणं असं झटक्याझटक्याचं असतं. नांगर उचलायचं वेगळं, तिथं एक मोठा उभा रहाट असतो, त्याला दांडे लावून ते छातीशी धरून गोल गोल चालत राहायचं, म्हणून ती गाणी चालीच्या ठेक्यावर, धृपद लांबलचक, कितीही वेळ ओढता येईल अशी. पंप मारायची आणखी वेगळी. पुढं वाफेची इंजिनं आली आणि दोर ओढायचंच काम गेलं, मग गाणी राहिली ती म्हाताऱ्या खलाशांच्या तोंडात आणि गोळा करणाऱ्यांच्या वह्यांत.

आता हे सांगलीतल्या माणसाला परकं आहे का सांग बरं? समुद्र आपल्यापासून दोन घाट लांब असेल, पण सुगीत ज्वारी काढताना भलरी म्हणायचे ती हीच रीत, एकानं सुरुवात करायची, बाकीच्यांनी ओढायची आणि विळे एका लयीत चालायचे. तुझ्या आजीला विचार, तिला येत असणार. आणि कृष्णेत होड्यांच्या शर्यती असतात तेव्हा आयर्विन पुलावर उभं राहून बघ, वल्ही एकदम पडली नाहीत तर होडी नुसती डुलते. तर तुझा तो मित्र, जो शर्यतीत वल्हं मारतो, त्याला दहा भागांची सिरीज देऊ नकोस. त्याला 1956 सालच्या मॉबी डिक सिनेमातला बंदरातून जहाज सुटतानाचा प्रसंग दाखव, तेवढाच. त्यात गाणं म्हणणारा माणूस म्हंजे ए. एल. लॉइड, लोकगीतं गोळा करणारा, आणि स्वतः व्हेल मारायच्या जहाजावर काम करून आलेला. दोर, हात, आवाज सगळं एका जागी दिसतं, पोरगं आपोआप मान डोलवायला लागेल. पुढचा सिनेमा बघायचा का नाही ते त्याचं तो ठरवेल.

वेलरमॅन हे गाणं तर सगळ्यांनी ऐकलंय, 2021 च्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या त्या पोस्टमन पोरामुळं घराघरात वाजलं, त्यामुळं ते सुचवण्यात काय राम नाही असं तुला वाटेल. मला नाही वाटत. उलट ज्याला ते पाठ आहे त्याला विचार, हा वेलर कोण रे? नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं. तर हे वेलर भाऊ, 1830 च्या दशकात न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्यावर व्हेलचा धंदा करायचे आणि किनाऱ्यावरच्या माणसांना माल पुरवायचे, आणि गाण्यातली माणसं वाट बघतायत ती साखर, चहा आणि रम घेऊन येणाऱ्या बोटीची. दोर ओढायचं गाणं नाहीच ते खरं तर, गोष्ट सांगणारं गाणं आहे. पण एकदा वाट बघणं कळलं की तेच धृपद वेगळं ऐकू येतं.

आता तुझ्या यादीतल्या मुख्य दोन. ब्लॅक सेल्स आणि आउटलँडर तू एकाखाली एक लिहिलीस पण त्यांची गाठ कुठं आहे ते लिहिलं नाहीस, आणि खरी गंमत तिथंच आहे. दोन्ही 2014 ला सुरू झाल्या, दोन्हींचं संगीत बेअर मॅक्रिअरीचं, आणि दोन्हींच्या मागं स्टीव्हन्सन, तो जुना स्कॉटिश लेखक. ब्लॅक सेल्स म्हंजे त्याच्या ट्रेझर आयलंड कादंबरीच्या आधीची गोष्ट, आणि आउटलँडरच्या सुरुवातीच्या गाण्याचे शब्द त्याच्याच कवितेवरून घेतलेले, चाल मात्र स्कॉटलंडची जुनी, स्काय बेटाकडं निघालेल्या होडीच्या गाण्याची. एकाच माणसाच्या लिखाणातून एकीकडं लुटारू आणि एकीकडं हुरहूर. शिवाय आउटलँडरच्या तिसऱ्या सीझनमध्ये गोष्ट बोटीतून कॅरिबियनला जाते तेव्हा तीच चाल तिकडच्या तालवाद्यांवर येते. हे कुणाला सांगायचं, तर ज्याला चाल ओळखायचा नाद आहे त्याला. तुझ्या क्लासमधली ती गाणारी मुलगी आहे ना, तिला आधी पहिल्या सीझनचं सुरुवातीचं गाणं आणि मग लगेच हे ऐकव, मध्ये काही बोलू नकोस, तीच म्हणेल अगं हे तर तेच.

आणि ब्लॅक सेल्सचं टायटल म्युझिक मिरजेच्या माणसाला ऐकवायचं असेल तर आधी त्या वाद्याबद्दल बोल. हर्डी-गर्डी म्हणतात, हातानं चाक फिरवायचं, ते चाक तारांवर घासतं, आणि त्यातल्या काही तारा एकच सूर सतत धरून ठेवतात. सतारमेकर गल्लीत जन्म गेलेल्या माणसाला धरून ठेवलेला सूर काय असतो ते शिकवायला नको! तंबोरा छेडावा लागतो आणि हे घासून वाजतं, म्हणून ह्याच्यात तो खरखरीतपणा येतो, गंजलेल्या साखळदंडासारखा. मला तरी तो आवाज सगळ्या तोफांपेक्षा जास्त समुद्राचा वाटतो.

हां, पण एक सांभाळ. ह्या दोन्ही सिरीज घरच्या हॉलमध्ये लावायच्या नाहीत. नागडेपणा, मारहाण, आउटलँडरमध्ये तर काही प्रसंग बघवत नाहीत इतके क्रूर आहेत. हे आधी सांगायचं, स्पष्ट. संध्याकाळी आजी, मामा, लहान पोरं सगळी बसलेली आणि रिमोट सापडत नाही, असं एकदा झालं की तुझ्या कुठल्याच शिफारशीला त्या घरात पुन्हा जागा नाही. लहान पोरांच्या घरी सॉंग ऑफ द सी दे, 2014 चा आयर्लंडचा ॲनिमेशन सिनेमा, त्यातली गाणी झोपताना लावली तरी चालतात. ब्लॅक सेल्सबद्दल आणखी एक खरं सांग, पहिला सीझन जरा रेंगाळतो, माणसं कोण कुणाची ते कळायला वेळ लागतो, पण चार सीझनमध्ये गोष्ट नीट संपते, लोंबकळत ठेवत नाही. "सुरुवात हळू आहे" म्हटलं म्हणून कोणी पळत नाही गं. उलट तुझ्यावर विश्वास बसतो.

दुसरं, जुनं नसलेल्याला जुनं म्हणायचं नाही. तू लिहिलंयस 'अस्सल समुद्री चाच्यांचं लोकगीत', मेलेल्या माणसाच्या पेटीवरचे पंधराजण आणि रमची बाटली. ते स्टीव्हन्सनच्या पुस्तकातलं आहे, 1883 चं, त्यानं थोड्याच ओळी लिहिल्या, पुढं एका अमेरिकन पत्रकारानं त्याची लांबलचक कविता केली आणि आता सगळं जग ते चाच्यांचंच समजतं. शँट्यांचंही तेच, खरे चाचे 1715 च्या आसपासचे आणि बहुतेक शँट्या त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी आलेल्या. म्हणून वाईट झालं का? अजिबात नाही. आपलंच बघ ना, 'गोमू संगतीनं' काय कुठल्या कोळीवाड्यातून उचललेलं नाही, हा खेळ सावल्यांचा ह्या 1976 च्या सिनेमासाठी सुधीर मोघ्यांनी लिहिलं, हृदयनाथांनी चाल दिली, आणि आशाबाईंच्या बरोबर गायला कोण, तर परत हेमंतकुमार, बंगाली माणूस! तरी आज लग्नात वाजलं की लोक कोळी नाचच करतात. लोकगीताच्या वळणाचं म्हण, ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

बंगाल्यांचा विषय निघालाच आहे तर, सचिनदांनी स्वतः गायलेली सुजाता आणि बंदिनीमधली नावाड्याची गाणी तू यादीत घेतली नाहीस, ती नदीची आहेत म्हणून असेल. नियम म्हणून बरोबर आहे. पण ज्यांच्या घरात इंग्रजी गाणं लावलं की वडील उठून जातात त्यांच्यासाठी आत शिरायची वाट तीच. भटियाली ती, बंगालच्या नावाड्यांच्या गाण्याची रीत, तिथं दोर नाही की हिसका नाही, होडी प्रवाहात सोडून दिलेली, हात मोकळे, म्हणून सूर लांब जातो. बघ, हात काय करतायत हे परत आलंच. तिथून पुढं चेम्मीन, 1965 चा मल्याळम सिनेमा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला, संगीत सलील चौधरींचं, आणि किनाऱ्यावर रात्री एकट्यानं म्हटलेलं ते गाणं मन्ना डेंच्या आवाजात. एक अक्षर कळलं नाही तरी चालतं. मी तर म्हणेन सबटायटल न लावता आधी नुसतं गाणं, मग सिनेमा.

मास्टर अँड कमांडर मी सगळ्यात कमी लोकांना सुचवते आणि ज्यांना सुचवते ते बहुतेक सगळे बघतात. पहिल्या अर्ध्या तासात धूर आणि आरडाओरडाच जास्त आहे. पण त्यात कॅप्टन व्हायोलिन वाजवतो आणि डॉक्टर चेलो, दिवसभर एकमेकांशी भांडून रात्री केबिनमध्ये वाजवायला बसतात, आणि शेवटी बोकेरिनी ह्या जुन्या इटालियन संगीतकाराची एक रचना वाजवताना कॅप्टन व्हायोलिन गिटारसारखं आडवं धरून छेडतो. ज्यांची अशी एक भांडकुदळ दोस्ती आहे त्यांनाच हा सिनेमा द्यायचा. बाकीच्यांना नको, उगाच तोफा मोजत बसतात.

आणि कोणी म्हणालं नाही आवडलं, तर वाद घालू नकोस, कुठं सोडलंस एवढंच विचार. दुसऱ्या भागात सोडलं की गाण्यापाशी सोडलं ह्यात फरक आहे, त्यावरून पुढचं काय द्यायचं ते कळतं. "तुला कळलंच नाही" हे तर तोंडातून काढायचंच नाही. दुकानात मी असं एकदा जरी म्हटलं असतं तर गिऱ्हाईक हरभट रोडवरच्या दुसऱ्या दुकानात गेलं असतं की!

आता माझं काम. वन पीस वन पीस, ती चाच्यांची जपानी ॲनिमेशन सिरीज, गेली दोन वर्षं ऐकतेय तुझ्याकडून. त्यातलं बिंक्सच्या दारूचं गाणं माझ्या भाच्यानं ऐकवलं, वरून आनंदी आहे पण खाली काहीतरी आहे असं वाटलं, आणि तो म्हणाला हे कधी म्हणतात ते कळलं की रडशील. काय ते सांगू नकोस. पण हजारावर भाग मी ह्या जन्मात बघणार नाही, तेव्हा नेमका कुठला भाग लावू आणि त्याआधी मला काय माहीत पाहिजे ते दोन ओळीत लिहून पाठव. रविवारी सकाळी काका मंडईत जातात तेव्हा बघते.

तुझी,
काकू