वाचनालयात पहिल्यांदा नाव घालताना

वर्गणी आणि अनामत वेगळ्या. वर्गणी खर्ची पडते, अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते; तेव्हा पावती मागतात, म्हणून ती जपा. पुस्तक घरी नेण्याआधी काउंटरवरच चाळा. सुटलेलं पान, रेघोट्या दिसल्या तर ग्रंथपालांना तिथेच दाखवा, नाहीतर भरपाई तुमच्या माथी येते. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयवार आकडे देऊन लावलेल्या कपाटांत मराठी साहित्य 891.46 खाली सापडेल. अनेक ठिकाणी मात्र फक्त दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं त्या क्रमाने दिलेला) असतो, तिथे सरळ विचारा. चाळलेलं पुस्तक स्वतः परत लावू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. दिवाळी अंकांची वर्गणी बहुधा निराळी असते. वर्तमानपत्रांसाठी मुक्तद्वार विभाग असेल तर सभासदत्वाचीही गरज नाही, घरच्या आजोबांना जरूर घेऊन जा.