वरातीच्या बँडने आधुनिक रचनांची सुरुवात कोठून करावी?

सांगलीतील वरातीच्या बँडला फुंकवाद्यांसाठीच्या आधुनिक रचना वाजविता येतील का, असे आपण विचारले आहे. येतील, मात्र कानाने वाजविणाऱ्यांना आधी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर लिहिली जाणारी पाश्चात्य स्वरलिपी, शिकावे लागेल. चेक वंशाचे अमेरिकन संगीतकार कारेल हुसा यांची 'म्युझिक फॉर प्राग 1968', जिच्यात चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाच्या वेदनेला पंधराव्या शतकातील हुसाइट (चेक धर्मसुधारक यान हुस यांच्या अनुयायांच्या) युद्धगीताची जोड आहे, अवश्य ऐकावी. वाजविण्यास ती अतिशय कठीण आहे. माझ्या मते सुरुवात इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या 1909 मधील बँडसाठीच्या पहिल्या सुइटने (अनेक भागांच्या रचनेने) करावी. ती आधुनिक म्हणण्याइतकी नवी नाही, हे खरे. परंतु तिच्या पहिल्या भागात एकच छोटी चाल वाद्ये बदलत पुन्हा पुन्हा फिरते आणि मिरजेच्या मैफलींत तबल्यामागचा लेहरा (पुन्हा पुन्हा वाजणारी तीच चाल) ऐकलेल्या कानाला ती मुळीच परकी वाटत नाही.