लॉ ची डिग्री नसताना बँकेच्या कम्प्लायन्समध्ये करिअर होतं का?

हो, बँक नियम पाळते का ते बघणाऱ्या या विभागात नक्की होतं, बी.कॉम. वाल्यांना पण होतं, फक्त सुरुवात केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं) किंवा एएमएल (मनी लाँडरिंग रोखणं) टीममधून करा. डिग्रीची अट शोधत असाल तर रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०२० चं सर्क्युलर वाचा, त्यात चीफ कम्प्लायन्स ऑफिसरसाठी बँकिंग किंवा फायनान्सचा किमान १५ वर्षांचा अनुभव मागितलाय आणि त्यातली ५ वर्षं ऑडिट, फायनान्स, कम्प्लायन्स, लीगल किंवा रिस्कमधली, म्हणजे लीगल हा पाचातला एक रस्ता झाला, एकमेव नाही. आणि रोजचं काम बघा ना, एखाद्या किराणा दुकानाच्या खात्यात लागोपाठ एकसारखी कॅश भरली जातेय, पॅन द्यावा लागतो त्या मर्यादेच्या जरा खालीच, तर हे डोळ्याला खटकलं पाहिजे, ग्राहकाचा धंदा आणि उलाढाल जुळते का ते बघून एसटीआर (संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट) करायचा की नाही यावर नीट नोट लिहिता आली पाहिजे. इथे ब्रँचचा अनुभव फार कामाला येतो, काउंटरवर बसलेल्या माणसाला असले पॅटर्न पटकन दिसतात. सोबत आयआयबीएफ या बँकिंगच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं एएमएल-केवायसी सर्टिफिकेट करून टाका, आणि पीएमएलए २००२ हा मनी लाँडरिंगविरोधी मूळ कायदा स्वतः वाचा, नोट्सवर राहू नका. फक्त एक, रेग्युलेटरच्या नोटिशीला उत्तर देणं, फेमाचे (परकीय चलनाचा कायदा) किचकट अर्थ लावणं अशा डेस्कवर एलएलबी किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) वाल्यांना आधी घेतात, तिकडेच जायचं असेल तर नोकरी करता करता सीएस चा विचार करा.